बक्कल

कसबा बावड्याच्या रस्त्याला, पोलीस ग्राउंडच्या बाहेर
एक लांब दगडी बाक आहे,
एका टोकाला लिंबाच्या खोडाला चिकटलेला.
रविवारी सकाळी साडेसातला तो भरतो.
आधी काठ्या येतात, मग माणसं.

मी गेले होते निमंत्रण घेऊन,
कार्यक्रमाला जुन्यांनी यावं म्हणून.
साध्या कपड्यांत, सरकारी गाडी लांब लावून.
लांब का लावली, ते मलाही सांगता आलं नसतं.

बाकावर पाच जण. सहावे आले
ते नेर्लेकर साहेब, उपअधीक्षक म्हणून निवृत्त,
ज्यांच्या एका सहीसाठी अख्खा तालुका ताटकळायचा.
आले आणि उभेच राहिले.
कारण मागून, वॉकर ढकलत,
दस्तगीर मुल्लाणी जमादार येत होते
दर चार पावलांना थांबत,
जणू कुंपणाची गस्तच घालत होते.
खोडाकडची जागा, जिथं पाठीला टेकू मिळतो,
ती रिकामी होती. तिथं कुणी पिशवीसुद्धा ठेवली नव्हती.
जमादार बसले.
मग नेर्लेकर बसले, दुसऱ्या टोकाला,
अर्धे बाकावर, अर्धे हवेत.

"साहेब, तुम्ही असे कडेला..." मी म्हणाले.
"मी पंच्याहत्तरचा. हे चौसष्टचे.
माझी पहिली लाश ह्यांनी दाखवली मला,
पंचगंगेच्या घाटावर. मी ओकलो.
ह्यांनी पाणी दिलं,
आणि पंचनाम्यात ते लिहिलं नाही."

जमादारांना आता फारसं दिसत नाही.
त्यांनी माझ्या आवाजाकडं तोंड फिरवलं.
"कोन हाय ही?"
"आपल्या ठाण्याच्या नव्या पीआय, जमादार."
"ते ऱ्हाऊ दे. बक्कल किती?"

आता काय सांगणार?
बक्कल नंबर शिपायाला असतो.
आम्ही परीक्षा देऊन, खांद्यावर तारे घेऊनच आलेले.
एकवीस वर्षं झाली नोकरीला,
आणि त्या प्रश्नापुढं मी कालच्या भरतीसारखी.
तोंडातून निघून गेलं, "सातशे बारा."

तो माझा नव्हता. आप्पांचा.
लाइनीतल्या आमच्या खोलीत तो ट्रंकेवर होता,
बादलीवर होता, तांब्याच्या बुडाला होता,
माझ्या शाळेच्या डब्यावरही, खिळ्यानं कोरलेला.

"सातशे बारा म्हंजे शिंत्र्यांचा पांडबा."
मग बराच वेळ गप्प.
मला वाटलं, आता येईल काहीतरी,
एखादी दंगल, एखादं बक्षीस.
आप्पा जाऊन अकरा वर्षं झाली.
त्यांच्याबद्दल काही नवं ऐकायची भूक अशी
की हातातलं निमंत्रण कधी चुरगाळलं कळलं नाही.

"माझी बॅटरी न्हेलीया त्यानं," जमादार म्हणाले.
"जोतिबाच्या बंदोबस्ताला. ब्याऐंशी साली.
तीन सेलाची. अजून दिली न्हाई."

सगळा बाक हसला. हेगडे हवालदारांना ठसका लागला.
मीही हसले, मग नीट हसता येईना.
ती बॅटरी आमच्याकडं होती.
लाइट गेली की आई तीच लावायची.
दहावीचा भूगोल मी तिच्या उजेडात पाठ केला,
आणि तिच्या झाकणावर एक आकडा होता
जो आमचा नव्हता.
मी कधी विचारलं नाही.

"चारशे सहा," मी म्हणाले.

जमादारांची मान ताठ झाली.
"व्हय. चारशे सहा."
अजून एकदा, हळू, स्वतःलाच, "चारशे सहा."

मला वाटलं, आता सरकून जागा देतील.
"बापाचं बक्कल बापापाशी," ते म्हणाले.
"तुझं न्हाई, तर तू उभी ऱ्हा.
आनि च्या सांग. माझा बिनसाखरंचा."

टपरीवरून आठ कप आणले.
आधी कुणाला द्यायचा, हे कुणी सांगितलं नाही.
खोडापासून सुरुवात केली.
नेर्लेकर साहेबांना शेवटचा मिळाला, जरा निवलेला.
त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.
माझा मी उभ्यानंच प्यायले.
कितीतरी दिवसांनी पाय दुखले आणि बरं वाटलं.

निमंत्रण द्यायचं राहूनच गेलं.

गाडीत बसून आईला फोन केला.
माळ्यावर आहे म्हणाली, सेल आतच फुटून गंजलेत,
कशाला हवीय आता ती?
म्हटलं, पुसून ठेव.
जमा करायचीय.